गावदेवीच्या मंडपाच्या फळ्या

आमच्या गावदेवीच्या सभामंडपाचा स्लॅब फाल्गुन शुद्ध पंचमीस घालावयाचा होता, आणि ती तिथी मीच काढून दिली होती. त्याआधीच्या तीन दिवसांत जे घडले ते आठवले की अजून तोंड कडू होते. आणि त्या कडवटपणात माझा वाटा किती होता हे पुरते ठाऊक असल्यामुळे तो थुंकून टाकण्याचीही सोय नाही.

मंडपाच्या सेंट्रिंगचे काम धाकलूकडे होते. ओले काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला तोलून धरणारा जो फळ्यांचा आणि टेकूंचा साचा उभारतात, त्याला सेंट्रिंग म्हणतात, हे मलाही सत्तरी उलटल्यावरच कळले. धाकलू डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. पन्नाशीचा, अंगाने काटक, आणि बोलण्याच्या बाबतीत कमालीचा कृपण. त्याच्या वाटचे बोलणे त्याची बायको गिरजा बोलत असे. टेकू उभे करणे आणि पातळी साधणे हे त्याचे काम. फळ्या खरवडणे, त्यांना तेल लावणे, कोणती फळी कोठे चालेल आणि कोणती मुळीच चालणार नाही हे ठरवणे, हे तिचे. या फळ्यांना कामावरची माणसे प्लाय म्हणतात. लाकडाचे पातळ पदर एकावर एक चिकटवून ती घडवलेली असते, आणि तिचे सारे बळ त्या पदरांनी एकमेकांना धरून राहण्यात असते.

या टोळीत एक रीत आहे. वर माल पडत असताना खाली, टेकूंच्या त्या अंधाऱ्या रानात, एकच माणूस उभा राहतो. आणि तो साचा ज्याने बांधला तोच. त्याच्या हातात हातोडी असते. एखादा टेकू सरकला तर त्याने पाचर ठोकायची, एखादी फळी पोट काढू लागली तर तिला खालून आधार द्यायचा. वर वीस-पंचवीस माणसांची वर्दळ आणि टनावारी ओला गोळा, खाली तो एकटा. दुसऱ्या कोणास तो खाली येऊ देत नाही. पंचमीस गावदेवीच्या मंडपाखाली धाकलू उभा राहणार होता.

द्वितीयेच्या सकाळी त्याच्या फळ्या टेम्पोतून उतरल्या. मी पिंपळाखाली खुर्चीवर बसलो होतो. मंडप समितीचा अध्यक्ष सुदाम शेजारी उभा होता. मुरबाडच्या शाळेत तो माझा विद्यार्थी होता. आता त्याची भातशेती मोठी आणि शब्द त्याहून मोठा. महाप्रसादाची व्यवस्था पाहणारी चंदा तांदूळ मोजून घेण्यासाठी आली होती.

"धाकलू, ह्या याआधी कुठं लावलेल्या रे?" सुदामने सहज विचारले.

"आश्रमशाळेत."

"कशाला?"

"संडासाला," धाकलू म्हणाला. खोटे बोलण्यास जेवढे शब्द लागतात तेवढे त्याच्याजवळ नसावेत.

चंदाने पदर नाकाला लावला. फळ्यांना सिमेंटचा आणि तेलाचा वास येत होता, दुसरा कसलाही नव्हता. पण नाकाला शब्दाचाच वास आला.

"देवीच्या डोक्यावर संडासाची प्लाय घालतोस काय रे?" सुदामचा आवाज चढला. "लाज नाय वाटत?"

"दादा, प्लाय संडासाच्या वर होती," गिरजा टेम्पोवरूनच म्हणाली. "आत बसाया नाय गेलती."

दोन-तीन मजूर हसले. गिरजेला चेव आला. "आणि तवा संडास झालाच कुठं होता? स्लॅब पडला, प्लाय निघाली, मग भांडी बसली. पहिला माणूस आत जाऊन बसला तवर आमी आमच्या घरी भात खाल्ला."

"तू गप गो!" चंदा म्हणाली. "भाताचं नाव नको काढू."

सुदाम माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी सांगा. शास्त्र काय बोलतं?"

मी खुर्चीवरून उठलोही नाही. बसल्या जागेवरून त्या फळ्यांकडे पाहिले. काळ्या पृष्ठभागावर पांढुरके डाग, लांबलचक ओरखडे, बुजवलेली खिळ्यांची भोके, कडांवरचा उडालेला रंग. त्या मला मळकट वाटल्या. आणि जे मळकट वाटले ते अशुद्धही असणार, असे मी तेथल्या तेथे ठरवून मोकळा झालो. "ज्या वस्तूचा असा संबंध आला, ती देवकार्यास वर्ज्य मानलेली बरी," असे मी म्हणालो. शौचाचा विचार मी आयुष्यभर शिकवला, आणि तो लावण्याची वेळ आली तेव्हा चार पावले चालून वस्तूला हात लावण्याचे कष्टही घेतले नाहीत. आज त्या खुर्चीची आणि तीत बसलेल्या माणसाची मला किळस येते.

फळ्या उतरवून कुंपणापाशी रचून ठेवण्यात आल्या, आणि त्यांच्यावर ताडपत्री टाकण्यात आली, एखादे प्रेत झाकावे तशी.

सुदामने फोन फिरवला. वाशिंदला बांधकाम साहित्याचे दुकान असलेला भाविक नावाचा तरुण व्यापारी त्याच्या ओळखीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडून चोवीस फळ्या आल्या, तेही दान म्हणून. टेम्पोला झेंडूची माळ होती. फळ्या काळ्याभोर, तुळतुळीत. पाहणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसावे अशा. भाविक स्वतः आला होता. त्याने वाकून नमस्कार केला, मी पळीने त्याच्या हातावर पाणी सोडले, संकल्प सांगितला, दान देवीच्या वतीने स्वीकारले आणि वरच्या फळीच्या कडेवर कुंकवाचे बोट ओढले. सुदामने त्याचे छायाचित्र काढून गावाच्या गटावर पाठवले. दुपारपर्यंत त्याखाली शंभर जणांनी हात जोडले होते.

त्याच दिवशी ऊन कलल्यावर मी देवळात दिवा लावण्यास निघालो असता गिरजेने हाक मारली.

"गुरुजी, जरा इकडं येता? हात लावाचा तर लावा, नायतर नुसतं ऐका."

त्या बोलण्यातला टोला मला कळला. मी गेलो. तिने ताडपत्री दूर सारून आपल्या फळ्यांतली एक काढली आणि दोन विटांवर आडवी ठेवली.

"ही आमची. हा ओरखडा सळई ओढल्याचा. हा डाग सिमेंटचा, खरवडला तरी सावली राहतेच. हे भोक खिळ्याचं, मीच बुजवलंय. कोपरा बोथट झालाय तो उतरवताना आपटून. कडेचा रंग उडाला की मी परत लावते. हे सगळं म्हातारपण हाय, गुरुजी. म्हातारा माणूस आजारी असतो काय? तुमी हाव?"

"नाही," मी म्हणालो.

"मग. आता कड बघा. सगळे पदर घट हायत, नख जात नाय. वाजवा."

मी बोटाच्या पेराने वाजवले. आवाज टणक होता, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा.

मग तिने दानातली फळी आणली. माझ्या कुंकवाची हीच. तिचे रूप पाहून डोळे निवावेत. गिरजा वाजवत गेली. चार ठिकाणी आवाज टणक आला आणि पाचव्या ठिकाणी एकाएकी बद्द झाला, तडा गेलेल्या मडक्यासारखा. तिने तळहाताने ती जागा दाखवली. "इथून इथवर पोकळ. आत पदर सुटलेत. वर वजन आलं की हितंच मोडणार."

"पण वरून तर काहीच दिसत नाही."

"वरून दिसाचं नाय म्हणून तर रंगवली." तिने पटाशी घेतली आणि कडेवरचा रंग खरवडला. रंग कातडीसारखा सोलून निघाला. त्याखाली पिवळट पुट्टी होती, लाकडाचा भुसा कालवून भरलेली. तिने पटाशीचे टोक आत घालून किंचित उचलले, तेव्हा त्या पुट्टीचा वीतभर लांबीचा गोळा सुटून माझ्या पायांपाशी पडला. आत फळीचे पदर एकमेकांपासून सुटून फुगले होते. त्यांच्यामध्ये ओलसर काळी बुरशी होती, आणि पावसाळाभर कोपऱ्यात पडून राहिलेल्या गोणपाटाचा असतो तसा कुबट भपकारा आला. मी मागे सरलो. त्या कुजक्या तोंडावर, ओठाला लावावे तसे, माझे कुंकू होते.

विकताना फसवणे मी आयुष्यात पुष्कळ पाहिले आहे. पण जे कोणी विकत घेणार नाही ते रंगवून देवीला अर्पण करायचे, वर झेंडूची माळ घालून वाकून नमस्कार करायचा, आणि त्या वजनाखाली कोणी माणूस उभा राहणार आहे हे माहीत असताना!

"ही एकच?"

"दहा वाजवल्या. आठ असल्याच."

धाकलू टेकू उभे करीत होता. मी त्याला विचारले, "तू 'नाही' का म्हणत नाहीस?"

त्याने हातोडी थांबवली नाही. "विडा घेतलाय," तो म्हणाला.

काम सुरू झाले त्या दिवशी देवीच्या नावाचा विडा मीच त्याच्या हातात दिला होता. गावदेवीचा उचललेला विडा परत करायचा नसतो, हे त्याला ठाऊक होते आणि मलाही.

"हा बोलाचा नाय," गिरजा म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा संपली होती. "परवा हा खाली जाईल. आणि मी काय करू? वर तेलाचा डबा घेऊन बसू? तुमच्या एका शब्दानं आमची चांगली प्लाय ताडपत्रीखाली गेली, गुरुजी. तो शब्द तुमीच उचला."

मी तसाच सुदामच्या घरी गेलो. तो ओसरीवर मोबाइलवर छायाचित्रे पाहत होता. मी सांगितलेले त्याने ऐकून घेतले आणि तो हसला.

"गुरुजी, त्या गिरजीला तिची प्लाय लावाची हाय, म्हणून ती बोलते. धर्माची गाय नि दात का गं नाय, असं कराचं नसतं. भाविकनं आपणहून दिलंय. आणि बघा ना, ओरखडा नाय एक! स्लॅब उघडला की खालून आरशासारखा दिसंल. तिची ती प्लाय? बघवत नाय."

"आत कुजली आहे, सुदाम. मी डोळ्यांनी पाहिली."

"एखादी निघते. कडेला घालू ती."

"खाली धाकलू उभा असणार आहे."

"देवी हाय की," तो म्हणाला.

माझ्याच वर्गात बसलेला मुलगा. देवीचे नाव त्याने एखाद्या पायपुसण्यासारखे त्या घाणीवर टाकले, आणि ते टाकण्याची कला त्याला कोणी शिकवली याचा विचार करीत मी परतलो.

गिरजेला मी सुदामचे उत्तर सांगितले. चतुर्थीच्या सकाळी गावातून ओरडा ऐकू आला म्हणून मी गेलो, तो मंडपाच्या बाजूला मजुरांच्या चुलीभोवती वीसएक माणसे जमलेली. गिरजेने चुलीवर स्वतःचा भाताचा टोप चढवला होता. टोपात पाणी खळखळत होते आणि त्या पाण्यात करवतीने कापलेले हातभर लांबीचे दोन तुकडे होते. एक तिच्या फळीचा, एक दानाच्या.

"भाताच्या टोपात संडासाची प्लाय!" चंदा छातीवर हात ठेवून ओरडत होती. "ह्या बाईला काय झालंय? ह्याच टोपात रांधून खाल्लं हिनं!"

"आणि आजपण खाणार," गिरजा लाकडे सारीत म्हणाली. "तुला बोलावणार नाय, घाबरू नको."

सुदाम आला. लोक पाहत होते म्हणून त्याला निघून जाता येईना. तासाभरात वास सुटला. प्रथम रंगाचा, मग सरसासारखा, मग त्याहून वाईट, नाकात चिकटून राहणारा. पाण्यावर तपकिरी फेस धरला. सुदामने रुमाल काढला. चंदा दूर पिंपळापाशी जाऊन उभी राहिली, पण घरी गेली नाही.

गिरजेने चिमट्याने पहिला तुकडा बाहेर काढला. तिचा होता. काळसर, वाफाळता, पण आत टाकला होता तसाच. तिने तो दगडावर आपटला, ठण्ण वाजला. दुसरा काढायला गेली तर चिमट्यात एकच पदर आला. बाकीचे टोपात सुटे तरंगत होते, भिजलेल्या वहीच्या पानांसारखे, आणि त्यांच्यामध्ये पुट्टीची पिवळी लापशी झाली होती. तिने चिमट्यातला पदर सुदामच्या पुढे धरला. त्यातून गढूळ पाणी त्याच्या चपलेवर ठिबकले.

"दादा, वर दोन दिवस ओला माल राहतो. हितं एक तास झाला."

सुदामने पाय मागे घेतला. मी पुढे झालो आणि सर्वांच्या देखत म्हणालो, "द्वितीयेस मी जे सांगितले ते न पाहता सांगितले. ते चुकीचे होते. मी तो शब्द मागे घेतो. देवीच्या मंडपाला धाकलूच्याच फळ्या लागतील."

सुदामने नाकावरचा रुमाल खाली घेतला. "बरं," तो म्हणाला. "तुमीच बोलता तर लावा. पण गोमूत्र शिंपडून लावा, गुरुजी. लोकांच्या मनाला बरं वाटंल."

"शिंपडा की," गिरजा म्हणाली. "फक्त तेलाच्या आधी शिंपडा. तेलावर नाय बसाचं ते."

पुन्हा हसू उसळले आणि या वेळी सुदामही थोडा हसला. प्रकरण मिटले असे वाटून लोक पांगू लागले. तेवढ्यात तो मागे वळून, अगदी सहज, भाजी निवडताना म्हणावे तसे म्हणाला, "मग ह्या भाविकच्या राहिल्या. टाकून कशाला द्याच्या? आश्रमशाळेत पोरींसाठी आणखी संडास निघालेत. तिकडं पाठवून देतो. संडासाला काय, कशापण चालतील."

मला आधी वाटले, मी नीट ऐकले नाही. टोपातला वास अजून विरला नव्हता. त्याच्या चपलेवरचे पाणीही वाळले नव्हते.

"तिथं सेंट्रिंग कोणाचं हाय?" गिरजेने विचारले. तिला उत्तर माहीत होते.

"माझंच," धाकलू म्हणाला.

त्या क्षणी मला जी शिसारी आली, ती फळीतल्या बुरशीचीही आली नव्हती. देवीच्या मंडपाखाली जो मरता कामा नये, तो संडासाखाली मेला तर चालेल! आणि त्या संडासांत पुढे वर्षानुवर्षे ज्या मुली जातील त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब पोटाशी वाकलेला असला तरी चालेल! हा विचार सुदामने केला नव्हता. विचार करण्याची गरजच त्याला वाटली नव्हती, आणि हेच अधिक ओंगळ होते.

"सुदाम," मी म्हणालो, "ते दान देवीच्या वतीने मी घेतले आहे. पाणी माझ्या पळीतले होते. ते कोठे जायचे ते मी सांगेन. ते कोठेही जाणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मोडायचे."

"गुरुजी, भाविकला काय सांगू?"

"टोप दाखव त्याला."

तो आणखी काही बोलला, पण मी ऐकण्यास थांबलो नाही. गिरजेने पहार आणली, करवत आणली. मी धोतराचा काचा मारला. फळीचे एक टोक मी धरायचे, दुसऱ्या टोकाच्या सुटलेल्या पदरांत तिने पहार घालून उचकटायचे. कुजकी फळी विशेष आढेवेढे न घेता उभी फाटत असे. तुकडे चुलीत घालू नका, खड्डा खणून पुरा, असे तिने मजुरांना बजावले. त्या धुराने माणूस आजारी पडतो. बुरशीचा काळा चिखल माझ्या हातांना, धोतराला, जानव्याला लागला. चंदा पिंपळापासून हे पाहत होती. थोड्या वेळाने ती आली आणि फाटलेले पदर उचलून खड्ड्याकडे नेऊ लागली, एका हाताने नाक धरून.

सात-आठ फळ्या मोडून झाल्या तेव्हा माझ्या हातांना एक लय आली होती, आणि खरे सांगायचे तर एक आनंदही. पुढची फळी मी स्वतःच ओढली, विटांवर टाकली आणि पहारीसाठी हात पुढे केला.

"थांबा," गिरजा म्हणाली.

तिने ती वाजवली. कडेचा रंग खरवडला. आत पुट्टी नव्हती. पदर एकमेकांना घट्ट धरून होते. रंगाखाली दोन जुने ओरखडे होते आणि एक बुजवलेले भोक.

"ही चांगली हाय. ही बाजूला ठेवा."

"पण ही त्याच्याच—"

"त्याची असली म्हणून काय? प्लायला काय माहीत ती कोणाच्या दुकानात होती?" तिने पहार माझ्या हातातून काढून घेतली. "राग आला की सगळ्याच कुजक्या दिसतात. आता तुमी वाजवत या. मी मागून बघते."

मी उरलेल्या फळ्यांपाशी खाली बसलो आणि पहिलीवर बोटाचे पेर ठेवले. वाजवले, सरकलो, पुन्हा वाजवले. मधल्या भागात आवाज किंचित निराळा आला असे वाटले. नक्की सांगता येईना. मंडपात धाकलूची हातोडी चालू होती. तिचा आवाज थांबेपर्यंत मी थांबलो, आणि मग त्याच जागी कान लावून पुन्हा वाजवले.